भालकीच्या बाजाराचं मटण

गुलबर्गा,
१२ नोव्हेंबर १९८३

प्रिय आत्या,

जयभीम. मामांना वेगळा जयभीम सांग, नाहीतर ते म्हणतील, आईविना पोराला आम्ही नवराबायकोनं वाढवलं आणि पत्र मात्र एकटीला.

तुझा भाचा आता डॉक्टर होणार आहे. सुया टोचणारा नव्हे, पुस्तकातला. सिद्धलिंगप्पा सरांनी मला पीएच.डी.साठी घेतलं. विषय ऐकून हसू नकोस. आपल्या सीमाभागातली माणसं काय पिकवतात, काय खातात आणि त्यावरून एकमेकांना काय समजतात, एवढाच तो विषय. गेले तीन महिने मी बसवकल्याणपासून औरादपर्यंत लोकांच्या चुलीपुढे वही घेऊन बसतोय. बायका आधी लाजतात, मग हसतात, मग भाकरी वाढतात. वजन वाढलंय माझं.

पण सगळ्यांच्या चुली बघितल्या आणि आपली राहिली. म्हणून तू मला लिहायचंस. चौथी शिकलेली आत्या असण्याचा आज पहिल्यांदा उपयोग होतोय. तुम्ही लहानपणी काय खायचात, दीक्षा घेतल्यावर काय बदललं, दुष्काळात काय खाल्लं, सगळं लिही. आणि एक खास मागणी. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी बोर्डिंगातून सुट्टीला आलो होतो, तेव्हा तू एक मटण केलं होतंस. मामा तापाने पडले होते आणि तू जोडवी मोडून भालकीच्या बाजारातून आणलं होतंस ते. तशी चव मला पुन्हा कुठं लागली नाही. ते कसं केलंस ते नीट लिही.

तुझा
नरसिंग

*

सोनाळवाडी, ता. भालकी,
६ जानेवारी १९८४

चि. नरसिंगास आत्या सुभद्राबाईचा जयभीम.

चुलीपुढं जन्म माझा गेला आणि डॉक्टर होणार तू. असू दे. तुझं पत्र मामांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग ते जगदेवप्पाच्या ओट्यावर जाऊन सांगून आले की आमचा नरसिंग भाकरीवर पुस्तक लिहायलाय. जगदेवप्पा म्हणाले, "भाकरीवर लिहून मग खातो का नुसतं लिहितो?" मामा त्यावरही खूश.

परवा मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस झाली. आम्ही आपल्या दोन एकरांत गेलो. भज्जी केली, आंबील केली, बाजरीचे उंडे केले. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, वाल, चिंचेचं पाणी, बेसन, जे रानात आहे ते सगळं भज्जीत. पूजा मात्र नाही. मामा म्हणतात, भज्जी आपल्या रानाची आहे, देवाची नव्हे. मी लहान होते तेव्हा येळवशीला आम्ही जगदेवप्पाच्या वडलांच्या बांधाबाहेर मडकं घेऊन उभे राहायचो. ते वरून ओततील तेवढं. थोडं मडक्यात पडायचं, थोडं हातावर. आंबील थंड असते म्हणून बरं. सत्तावन्न साली गावात दीक्षा झाली आणि तिथं जाणं थांबलं. त्याच दिवशी मामांनी सगळ्या बौद्धवाड्याकडून शब्द घेतला की मेलेलं जनावर ओढायचं नाही आणि त्याचं खायचंही नाही.

मामा शेजारी बसलेत आणि स्वतःचं नाव घेऊन लिही म्हणतात, "बहात्तरच्या दुष्काळात गावात ढोरं मरून पडली, पण रामरावच्या घरानं शब्द मोडला न्हाई." लिहिलं. हे ते दर जयंतीला उभं राहून सांगतात, तुला पाठच असेल.

दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली. तिची भाकरी थापताना फाटायची. तरवट्याचा पाला उकडून खाल्ला. त्या मटणाचं काही आठवत नाही रे. अकरा वर्षं झाली. तिखट मीठ घातलं असेल, आणखी काय.

आमच्या नंदीला सोळावं लागलं, टपली मारली तर उलटून मारते.

तुझी आत्या

*

गुलबर्गा,
२० जानेवारी १९८४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. बांधाबाहेरच्या मडक्याशी ते थांबले आणि चष्मा पुसत बसले. ते लिंगायत घरातले. म्हणाले, "आमच्या अप्पांनीही असंच ओतलं असेल."

पण दुष्काळाचं तू चार ओळींत उरकलंस. प्रत्येक गावात असंच होतं. सगळे मिलो सांगतात, पाला सांगतात आणि मग पाणी प्यायला उठतात. सर म्हणतात, त्या वर्षी माणसांनी खरंच काय खाल्लं हे कळल्याशिवाय प्रबंध अर्धा आहे. आणि तू विसरलीस म्हणतेस. नंदीच्या बारशाला कुणी किती उंडे खाल्ले ते तुला आठवतं, आणि स्वतःची जोडवी मोडून केलेलं कालवण आठवत नाही? आत्या, तू मला फसवू शकत नाहीस, मी तुझ्याच हाताखाली वाढलोय.

काय असेल ते लिही. नाव कुणाचंही येणार नाही, हा माझा शब्द.

नरसिंग

*

सोनाळवाडी,
११ फेब्रुवारी १९८४

चि. नरसिंगास,

मामा आणि नंदी उदगीरला लग्नाला गेलेत म्हणून लिहायला बसले. वाचून हा कागद फाड.

मी जोडवी मोडली नव्हती. ती ज्वारीच्या कणगीच्या बुडाशी फडक्यात बांधलेली आहेत. आठ वर्षांपूर्वी मामांनी उसाच्या तोडणीच्या पैशातून मला नवी जोडवी आणली. स्वतः खाली बसून माझ्या बोटांत घातली. म्हणाले, "माझ्यापायी मोडलीस." तेव्हा मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. पण मी घालून घेतली.

त्या उन्हाळ्यात मामा तळ्याच्या कामावरून ताप घेऊन आले. आठ दिवस उठले नाहीत. रेशन संपलं होतं. तू चौदा वर्षांचा. तुला बोर्डिंगात दोन वेळ खायची सवय झालेली, पण तू मागत नव्हतास, भिंतीकडं तोंड करून निजून राहायचास. नंदी पाच वर्षांची, तिला रडायचंही बळ नव्हतं. त्या दिवशी सकाळी जगदेवप्पाचा बैल ओढ्याकाठी मेला. ओढून न्यायला आता कुणी जात नव्हतं, तो तिथंच होता. भर दुपारी सगळी कामावर गेल्यावर मी विळा घेऊन गेले.

माझ्या आईबरोबर मी लहानपणी जात असे. शब्द घेतल्याला सोळा वर्षं झाली होती, पण हातांना सगळं आठवत होतं. मला वाटलं होतं हात थरथरतील. थरथरले नाहीत, आणि तेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

कसं केलं विचारतोस तर सांगते. वास लपावा म्हणून चिंच जास्त घातली. कारळं भाजून कुटून घातली. तेल नव्हतं. मंद जाळावर दिवस मावळेपर्यंत शिजवलं. मामांना वाटीभर रस्सा पाजला. ते म्हणाले, "कुठून आणलंस?" मी म्हणाले, भालकीच्या बाजारातून. माझ्या जोडवी काढलेल्या पायाकडं बघून ते रडले. तिसऱ्या दिवशी उठून बसले. तू दोनदा वाढून घेतलंस.

शब्द मी मोडला आणि त्यांनाही न सांगता मोडायला लावला. मी मेले तरी चालेल, पण हे त्यांना कळायला नको.

आत्या

*

गुलबर्गा,
१८ मार्च १९८५

प्रिय आत्या,

गेल्या वर्षी तुझ्या त्या पत्राला मी दोनच ओळी लिहिल्या. पुढे आपण भेटलो तेव्हाही दोघं त्याबद्दल बोललो नाही. बरंच केलं.

आज बातमी चांगली आहे. माझा मोठा लेख पुण्याच्या एका मासिकात छापून आला. विषय दुष्काळ आणि अन्न. प्रबंध इंग्रजीत आहे, पण हा लेख मी हट्टाने मराठीत लिहिला, म्हणजे आपल्या माणसांना वाचता यावा. चार ठिकाणांहून पत्रं आली. एका प्राध्यापकांनी लिहिलं की डोळ्यांत पाणी आलं.

तुझं मी वापरलंय. रागावू नकोस. नाव नाही, गाव नाही, फक्त 'सु.' एवढंच अक्षर आहे. त्याशिवाय लेख उभाच राहत नव्हता, आणि ती बाई वाचणाऱ्याला फार मोठी वाटते गं. अंक पाठवत नाही. मामांना नुसतं सांग की नरसिंगचं नाव छापून आलं.

नरसिंग

*

सोनाळवाडी,
१७ एप्रिल १९८५

नरसिंग,

तू अंक पाठवला नाहीस. मामांनी आणला. तुझं नाव छापून आलं एवढं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते उदगीरला गेले. तीन दुकानं फिरून दोन अंक घेऊन आले. एक घरात ठेवायला आणि एक विहारात ठेवायला. मला म्हणाले, "जयंतीला वाचू. पोरानं आपल्याच लोकांवर लिहिलंय, आपल्याच लोकांना ऐकवू." मी म्हणाले, मोठं अवघड असेल, कशाला. म्हणाले, "अवघड असंल तर दोनदा वाचू."

तू त्यांना विहारात उभं राहिलेलं बघितलं आहेस. पांढरा सदरा, हातात काठी नसताना काठी धरल्यासारखे. त्यांनी आधी आपलं ते वाक्य सांगितलं, रामरावच्या घरानं शब्द मोडला न्हाई. टाळ्या झाल्या. मग गुंडेराव मास्तरांना अंक दिला आणि ते वाचायला लागले.

सुरुवातीला कुणाला फार कळलं नाही, पण तुझं नाव आलं की पोरं टाळी वाजवायची. मग मास्तरांनी वाचलं की एका गावात दीक्षेच्या वेळी ज्यानं सगळ्यांकडून शब्द घेतला, त्याच्याच घरी. तळ्याचं काम आलं. आठ दिवसांचा ताप आला. मोडलेली म्हणून सांगितलेली जोडवी आली. मास्तर थांबले. मामा म्हणाले, "कामून थांबलास? वाच की पुढं." मास्तर वाचत गेले. माझ्या शेजारची बाई थोडी सरकून बसली.

शेवटपर्यंत ते उभे होते. अंक मास्तरांच्या हातून घेतला, नीट घडी केली आणि सगळ्यांना म्हणाले, "लाडू घेऊन जावा." वाटलेसुद्धा त्यांनीच.

घरी येऊन मला एक शब्द बोलले नाहीत. कणगीत हात घालून ते फडकं काढलं, सोडून बघितलं आणि परत तसंच ठेवलं. मग अंगणात तीन दगड मांडले, पीठ मळलं आणि स्वतः भाकरी थापली. वेडीवाकडी झाली. ती खाल्ली. आज चौथा दिवस, माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत.

तू नाव टाकलं नाहीस. माझं सगळं घर टाकलंस.

आत्या

*

सोनाळवाडी,
६ मे १९८५

नरसिंगास रामरावचा जयभीम.

तुझी दोन पत्रं आली. पाया पडतो, माफ करा असं लिहिलंस. मी प्रौढ वर्गात शिकलेला माणूस, मला लांब लिहिता येत नाही. चुकलं तर समजून घे.

तू छापलंस ते खोटं असतं तर मी तुला गुलबर्ग्यात येऊन मारलं असतं. खरं आहे, म्हणून तुला काही म्हणत नाही. एक मात्र विचारतो. त्या दिवशी आपण चौघं जेवलो. तू तिघं छापलीस. नवरा, बायको, मुलगी. चौथा कुठं गेला?

तुझ्या आत्यानं तुम्हाला जगवलं, मलाही जगवलं. ते तिचे उपकार आहेत. मी तिच्या हातचं खात नाही ते त्या मांसापायी नाही. तिनं तुला लिहिलं असेल, पण एक गोष्ट लिहिली नसेल. कोंडाबाई तुला आठवते का? वेशीजवळची, नवरा मेलेली, दोन लेकरांची. त्याच उन्हाळ्यात तिच्या माळवदावर मांस वाळत घातलेलं कुणीतरी बघितलं. मी तापातून उठलो होतो. उठल्यावर पहिलं काम मी हेच केलं. पाच माणसांपुढं तिला उभं केलं. शब्द मोडलास म्हणालो. ती म्हणाली, लेकरं मरायली होती अण्णा. मी म्हणालो, माझ्या घरात न्हाईत का लेकरं? तिच्याकडं कुणी जायचं नाही, तिनं विहारात यायचं नाही, असं ठरवलं. पाऊस पडायच्या आत ती लेकरं घेऊन गुलबर्ग्याला गेली.

मी उभा राहिलो होतो तो त्या रश्शाच्या बळावर. आणि तुझी आत्या बायकांत बसून ऐकत होती. एक शब्द बोलली असती तर कोंडाबाई आज गावात असती. बारा वर्षं मी जयंतीला तेच वाक्य बोलत आलो आणि ती ऐकत आली. ती भाकरी द्यायला आली की मला कोंडाबाई दिसते, घास उतरत नाही. मी तरी काय करू.

तू माणसं शोधत हिंडतोस. ती तिथं तूरडाळीच्या कुठल्यातरी गिरणीत आहे म्हणतात. तिला शोध. रामराव चुकला असं सांग. ती काय म्हणते ते आहे तसं मला कळव. काही लपवू नको.

रामराव

*

गुलबर्गा,
२३ जून १९८५

मामा,

जयभीम. चौथा मीच. लेख लिहिताना मी मुद्दाम स्वतःला वगळलं. संशोधकाने मध्ये येऊ नये असं पुस्तकात लिहिलंय, ते मला सोयीचं पडलं. खरं सांगायचं तर दोनदा वाढून घेतलं हे मला छापायची लाज वाटली. आत्याची लाज छापताना मात्र वाटली नाही. प्रबंधात आता मी चौघं लिहिली आहेत आणि चौथ्याचं नाव घातलं आहे.

कोंडाबाई सापडली. अकरा गिरण्या फिरलो. ती डाळ पाखडायला बसते. केस पांढरे झालेत, डाळीच्या धुळीने खोकते. मोठा मुलगा स्टेशनवर हमाल आहे, धाकटी मुलगी पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसेल. मी तुमचं नाव सांगितलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं नाही. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ पाखडत राहिली.

तुम्ही काही लपवू नको म्हणालात. मी चार दिवस हे पत्र लिहायचं टाळलं, पण एकदा लपवून आणि एकदा छापून मी काय केलं ते समोर आहे. म्हणून तिचं बोलणं आहे तसं लिहितो.

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय की. आमी दोघी संगंच गेलतो त्या बैलाला. सुभद्रेकडं इळा होता, माझ्याकडं न्हवता. तिनंच मला अर्धं कापून दिलं."

मी विचारलं, मग पाच माणसांपुढे तू तिचं नाव का घेतलं नाहीस? ती म्हणाली, "माझं घर तर मोडलंच होतं. तिचं मोडून माझं उभं ऱ्हाणार होतं व्हय? आन् रामरावअण्णा जगायला पायजे होता. ह्ये कळून तो मेला असता तर वाड्यात बोलणारं कोण होतं?"

माफीचं मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा, जेवणाची सुट्टी झाली." मग तिने डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी तिथेच उभ्याने खाल्ली.

तुम्हाला भेटायला कधी येऊ, तेवढं लिहा.

नरसिंग

*

सोनाळवाडी,
९ ऑक्टोबर १९८५

चि. नरसिंगास,

मामा गेले ही तार तुला उशिरा पोचली, तू आलास तोवर सगळं आटोपलं होतं. माणसांत तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. आता घर रिकामं झालं. नंदी शेजारी निजली आहे, जरा ताप आहे तिला. राहिलेलं लिहिते.

कोंडाबाईचं तुझं पत्र त्यांनी स्वतः वाचलं. वाचून माझ्याकडं आले आणि समोर बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "अर्धं दिलंस तिला?" मी हो म्हणाले. "आन् ती उभी व्हती तवा गप बसलीस?" मी हो म्हणाले. भीती वाटली होती का विचारलं. मी म्हणाले, तुमची वाटली. ते म्हणाले, "माझी." मग उठून गेले आणि जोंधळ्याच्या रानात दिवसभर बसून राहिले.

माझ्या हातचं त्यानंतरही खाल्लं नाही. पण रोज दोन भाकरी थापायचे आणि एक माझ्यासाठी झाकून ठेवायचे. मी ती खायचे. माझी तव्यावरची कुत्र्याला जायची. शेजारच्या बायका मला विचारायच्या, काय चाललंय तुमचं?

भादव्यात त्यांना पुन्हा ताप आला. गुलबर्ग्याला जायचं म्हणत होते, कोंडाबाईला भेटायचं म्हणत होते. पांढरा सदरा धुऊन ठेवायला लावला. मग सदरा राहिला आणि ते उठेनासे झाले. भालकीचा डॉक्टर येऊन गेला. शेवटचे दोन दिवस त्यांना चूल पेटवता येईना. मी काही करून नेलं की तोंड फिरवायचे. रागानं नव्हे. डोळ्यांत पाणी असायचं.

गेले त्या दिवशी सकाळी मी जोंधळ्याच्या कण्या पातळ शिजवल्या. मीठ घातलं, दुसरं काही नाही. वाटी घेऊन उशाशी बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. मी चमचा पुढं नेला.

तेवढ्यात म्हणाले, "सुभद्रा, कशाचं हाय?"

मी म्हणाले, जोंधळ्याचं. त्यांनी दोन घोट घेतले. तिसरा खाली सांडला.

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, नरसिंग. मी वाढलं ते त्यांनी खाल्लं, मिलो खाल्ली, पाला खाल्ला, कशाचं आहे ते कधी विचारलं नाही. त्या दिवशी विचारलं. मी खरं तेच सांगितलं. पण ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांना खरं वाटलं का नाही, ते मला आता कधीच कळायचं नाही.

तुझी आत्या
सुभद्राबाई